गाण्याचा महिना कोणता?

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा निघाला, तेव्हा इथलं गाणं अजून कॅसेटच्या फितीत होतं. पुढे स्वस्त मोबाइल आले आणि 'गाणी भरून देणं' हा मोबाइल दुरुस्तीवाल्याचा जोडधंदा झाला. मेमरी कार्ड काउंटरवर ठेवायचं, अहिराणी, पावरी, टिमली, हिंदी काय हवं ते सांगायचं; चहा होईस्तोवर शेकड्यांनी फायली कार्डात. एरवी शहरातल्या हौशी संग्राहकाला पडणारा प्रश्न असा सातपुड्याच्या पायथ्याशी घरोघर पोचला: एवढं सगळं ऐकायचं कधी, आणि काय ऐकलं ते लक्षात ठेवायचं कसं? हा घोळ गाणी फार झाल्यामुळे झाला, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. गाणी आधीही थोडीथोडकी नव्हती. त्यांची नोंदवही हरवली, आणि ती नोंदवही म्हणजे इथलं पंचांग होतं.

काठी गावच्या होळीला बाशिंगं-घुंगरं बांधून रात्रभर ढोलावर नाचतात, त्या ढोलाची वेळ ठरलेली. पावरा-भिलांचा इंदल उत्सव नवस फेडायचा असेल तेव्हा, रात्रभर. नवापूरकडच्या कोकणा आदिवासींचा डोंगऱ्यादेवाचा उत्सव मार्गशीर्षात. कथेकरी काशाच्या थाळीला मेणाने काडी चिकटवतो, तिच्यावरून बोटं ओढत घुमता सूर धरतो आणि त्या सुरावर कणसरी या धान्यदेवतेची कथा लावतो. कोणतं गाणं कुठे ठेवलंय हे त्याला शोधावं लागत नाही. प्रसंग आला की गाणं आपोआप वर येतं. वर्ष फिरलं की संग्रह एकदा ऐकून झालेला असे. एवढी चोख व्यवस्था भल्याभल्या ग्रंथालयांनाही जमत नाही.

एमपीथ्री फायलीत या व्यवस्थेला जागाच नव्हती. १९९६मध्ये एरिक केम्पने फायलीच्या शेपटाला १२८ बाइटांची चिठ्ठी जोडली: गाण्याचं नाव ३० अक्षरं, गायक ३०, अल्बम ३०, वर्ष ४, शेरा ३०, आणि प्रकारासाठी एक आकडा. प्रकारांच्या मूळ ८० नावांत पोल्का होता, अॅसिड पंक होता, 'ट्रायबल'सुद्धा होतं. लोकगीत मात्र नव्हतं, ते विनअॅम्प या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामवाल्यांनी मागाहून घातलं. देवनागरीची सोय त्या चिठ्ठीत नव्हतीच. प्रसंगाचा रकाना तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हता. असलं ढोबळ वर्गीकरण या भागाला नवं नाही म्हणा. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या १९०७च्या खंडात मावची, पावरी, देहवाली, कोटली यांची वेगवेगळी दखल आहे. जनगणनेच्या मुख्य तक्त्यात मात्र पावरी बोलणारा 'भिली/भिलोडी'च्या एका कोटी चार लाखांत (२०११) जाऊन बसतो.

यावर कुणी म्हणेल, आता मोबाइलला गाणं ऐकवलं की तो नाव सांगतो, मग वही कशाला? पण मोबाइल तेवढंच ओळखतो जे कुणी आधी त्याच्या साठ्यात घातलंय. लग्नात हातात धरून केलेलं रेकॉर्डिंग त्याला परकंच. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. होळीचं गाणं आज डीजेवर लग्नातही वाजतं, मग महिन्याचा हट्ट धरणं म्हणजे सोवळेपणा नाही का? हट्ट धरू नये, हे मान्य. पण होळीचं गाणं लग्नात शिरलं कधी, हे सांगायलाही दोन्ही प्रसंग कुठेतरी लिहिलेले हवेत. नाहीतर बदल झाला हेच दिसणार नाही. सरदार सरोवरात अक्कलकुवा-अक्राणीची ३३ गावं बाधित झाली, त्यांतली बरीच माणसं तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर वसवली गेली. नर्मदाकाठी गायलेलं आणि पुनर्वसन वसाहतीत गायलेलं गाणं कार्डावर एकाच फोल्डरात शेजारी पडतं, नावात फक्त ट्रॅक नंबर. कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं, हे ओळखणारे कान म्हाताऱ्या माणसांचे आहेत.

म्हणून संग्रह ऐकायला बसणाऱ्याने आकड्यांच्या मागे लागू नये. २००२च्या ऑडिओस्क्रॉबलर या ऐकण्याची नोंद ठेवणाऱ्या सेवेपासून कोणतं गाणं किती वेळा वाजलं याची मोजणी यंत्र करतंच आहे. माणसाने फाइल लावावी, घरातल्या थोरल्याला शेजारी बसवावं आणि चार रकाने भरावेत: प्रसंग, बोली, गाव, साल. गायकाचं नाव मिळालं तर पाचवा.