खुंटी किती लांब ठेवायची?

पुण्याकडून नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलं की शिरवळ लागतं. महामार्गालगत कारखाने आले, तसा इथल्या पोरांपुढे नेहमीचा पेच उभा राहिला: कंपनीत चिकटायचं की स्वतःचं काही काढायचं? ‘स्वतःचं’ म्हणणाऱ्यांसाठी राज्यात उद्योजकता विकासाचे वर्ग चालतात. त्यांतला एक ठरलेला खेळ म्हणजे जमिनीवर खुंटी, समोर आखलेल्या रेघा आणि हातात रिंगा. कुठल्या रेघेवरून टाकायची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. जितकं लांब, तितके गुण जास्त.

खेळ जत्रेतला वाटतो. कूळ मात्र अमेरिकेतल्या मानसशास्त्राचं. हार्वर्डमध्ये हेन्री मरे यांनी माणसाच्या मानसिक गरजांची यादी केली. संदिग्ध चित्र दाखवून गोष्ट रचायला लावणारी, मरे आणि ख्रिस्तियाना मॉर्गन यांची चाचणी १९३५ सालची. डेव्हिड मॅक्लेलंड यांनी यादीतली एक गरज उचलली, काही करून दाखवण्याची. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांतली ‘संपादन प्रेरणा’ ती हीच. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी बालवाडीतल्या मुलांच्या हाती रिंगा दिल्या. ज्यांच्यात ही प्रेरणा जास्त, ती मुलं खुंटीला चिकटली नाहीत की फार लांबही गेली नाहीत. नेम साधणं बऱ्यापैकी आपल्याच हातात राहील, असं मधलं अंतर त्यांनी धरलं.

पुढे १९६१ च्या पुस्तकात मॅक्लेलंड यांनी देशांची भरभराटही याच प्रेरणेशी जोडली. मला तो दावा जरा ताणलेलाच वाटतो. पण ही प्रेरणा शिकवून वाढवता येते, हे त्यांचं म्हणणं भारतात तपासलं गेलं. १९६४ पासून आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यापाऱ्यांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत बोलावून शिकवलं गेलं. हीच शिकवण पुढे गुजरातच्या उद्योजक प्रशिक्षणात आली आणि महाराष्ट्रातही पोचली. औरंगाबादचं (आताच्या छत्रपती संभाजीनगरचं) महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ चं.

काकीनाड्याचा एक निष्कर्ष मात्र वर्गात फारसा सांगितला जात नाही. प्रशिक्षणाचा गुण दिसला तो मुख्यतः ज्यांच्या हाती धंद्याचे निर्णय होते त्यांच्यात. बाकीचे तेच शिकले, पण घरी गल्ल्याची किल्ली दुसऱ्याकडे होती.

खेळ झाला की मार्गदर्शक विचारतो, दुसऱ्या फेरीत अंतर का बदललंस? प्रश्न रास्तच आहे. शिरवळच्या पोराला मी आणखी एक विचारीन: कारखान्यांसाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे पैसे तुझ्या खात्यात आहेत की आबांच्या?