कुंडलची दारूबंदी आणि गर्भस्थ बालक

सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारच्या (१९४३–४६) कार्यक्रमात न्यायदान मंडळे व अल्पखर्ची विवाह यांबरोबरच दारूबंदीसही स्थान होते. आज सांगली जिल्ह्यात असलेले कुंडल त्या काळी औंध संस्थानात मोडत असे. जी. डी. लाड यांचे हे गाव तुफान सेनेचे केंद्र होते. तेथील दारूबंदी कोणत्या विचारावर उभी होती, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातील मद्यविरोधी विचाराची परंपरा जुनी आहे. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी १८८० साली दारूच्या दुकानांना विरोध केला, तो लोकांची नीती व आरोग्य यांच्या हानीकडे बोट दाखवून. पुढेही कर्ज, मारहाण आणि संसाराची धूळधाण हेच मुद्दे प्रामुख्याने मांडले गेले. या मांडणीत स्त्री येते ती मद्यप्याची पत्नी म्हणून. तिच्या उदरातील जिवाचा विचार तीत दिसत नाही.

याचा दोष केवळ कार्यकर्त्यांकडे जात नाही. विल्यम सलिव्हन या तुरुंग-वैद्याने १८९९ साली लिव्हरपूल येथील मद्यासक्त स्त्रियांच्या अपत्यांतील मोठ्या मृत्युप्रमाणाची नोंद केली होती. परंतु वैद्यकाने ती दीर्घकाळ बाजूस सारली. फ्रान्समध्ये लमुआन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली अशा १२७ बालकांचे वर्णन केले, आणि १९७३ साली अमेरिकेतील जोन्स व स्मिथ यांनी या विकारास नाव दिले. मद्य मातेच्या रक्तातून वारेवाटे गर्भात जाते, आणि गर्भाचे अपक्व यकृत त्याचा निचरा करू शकत नाही. त्यामुळे वाढ खुंटते, डोके लहान राहते. बोलणे, अवधान व शिकणे यांत मूल मागे पडते. गरोदरपणात मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित ठरलेले नाही.

म्हणून प्रतिसरकारने गर्भस्थ बालकाचे रक्षण केले, असे म्हणणे म्हणजे आजचे ज्ञान कालच्या हेतूंवर लादणे होय. मात्र दारू हा केवळ पुरुषांचा प्रश्न मानण्याची जुनी सवय तशीच पुढे चालविणेही योग्य नव्हे. मोहाची दारू ज्या आदिवासी समाजांच्या सणासमारंभांचा भाग आहे, तेथे स्त्रियाही ती घेत आल्या आहेत. संविधानाच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाने पोषण, सार्वजनिक आरोग्य व मद्यनिषेध ही तीन कर्तव्ये एकत्र सांगितली आहेत. दारूबंदीच्या इतिहासाने ती वेगळी वाचली; गरोदर स्त्रीच्या ठायी मात्र ती एकच होतात.