पापणीची गाठ आणि सूक्ष्मदर्शकाची साक्ष

हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता मिळतो. या टापूत काय किंवा देशावर काय, पापणीवर गाठ उठली की तिला रांजणवाडी म्हणावयाचे, शेक द्यावयाचा आणि ती न बसल्यास डॉक्टरांकडून खरवडून घ्यावयाची, ही रूढ रीत. बहुतेक गाठी तेवढ्याने बऱ्याही होतात. प्रश्न उरतो तो त्याच जागी पुन्हा उठणाऱ्या गाठीचा.

पापणीच्या कडेस स्निग्ध स्राव पुरविणाऱ्या ग्रंथींचे वर्णन जर्मन वैद्य हाइन्रिख मायबोम याने १६६६ साली केले. त्यांतून उद्भवणाऱ्या कर्करोगाचे पहिले व्यवस्थित नोंदलेले उदाहरण १८९१ सालचे मानले जाते. हा रोग रांजणवाडीचे सोंग घेतो. कधी तर गाठ न दाखविता पापणीच्या हट्टी दाहाच्या रूपाने पसरतो. त्याची खात्री पटते ती ऊतकाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच. येथेही एक अडचण होती. ऊतक मेणात बसविण्यापूर्वी अल्कोहोल व झायलीन यांतून काढावे लागते, आणि ज्या मेदावरून ही पेशी ओळखावयाची तो मेदच त्यात विरघळतो. मागे फेसासारख्या पोकळ्या तेवढ्या राहतात. म्हणून ऊतक गोठवून छेद घ्यावयाचा व मेद सुदानसारख्या रंगाने रंगवावयाचा, हा मार्ग निघाला. मात्र त्यासाठी शस्त्रवैद्याने आपला संशय प्रयोगशाळेस आधीच कळवावयास हवा. अलीकडे मेदबिंदूंभोवतीचे अ‍ॅडिपोफिलिन हे प्रथिन मेणातील छेदावरही दाखविता येते, त्यामुळे ही अट सैल झाली आहे.

आपल्याकडे या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रगण्य होत. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. त्यांनी १९२३ साली मिळविली. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. कापलेले ऊतक तपासावयाचे व त्याची नोंद ठेवावयाची, ही शिस्त अशाच प्रयोगशाळांनी लावली.

त्या शिस्तीचे एक फळ अनपेक्षित आहे. पाश्चात्त्य ग्रंथ हा कर्करोग दुर्मिळ म्हणतात, आणि तेथे ते खरेही आहे. भारतीय रुग्णालयांच्या नोंदींत मात्र पापणीच्या कर्करोगांपैकी तिसरा हिस्सा, काही ठिकाणी निम्म्याहून अधिक, याच जातीचा आढळला आहे. परक्या पुस्तकावर विसंबून खरवड टाकून देणाऱ्यास हे कधीच कळले नसते. तोवर रोग कानापुढील लसिकाग्रंथीपर्यंत पोहोचलेला असू शकतो.