धागा गुंडाळणाऱ्या बायांची गोष्ट

क्रोशाच्या शालीत गडद निळा रंग हळूहळू आकाशी होत पांढऱ्यावर उतरतो, तसा धागा दुकानात महाग पडतो. घरी तो सहज होतो. तीन बारीक धागे एकत्र धरून गुंडा करायचा. आधी तिन्ही निळे. मग एक निळा तोडून तिथे आकाशी जोडायचा, थोड्या अंतराने दुसरा, मग तिसरा. पुढे पांढऱ्याचंही तसंच. बाहेरून विणायला घेतलं की शेवटी गुंडाळलेला रंग आधी हाती येतो, एवढं ध्यानात ठेवायचं.

हे गुंडाळणं आपल्याला फावल्या वेळचं काम वाटतं. पण याच कामावर मुंबईच्या गिरण्यांत हजारो बायांची चूल पेटत होती. 1930 च्या आसपास गिरणीतल्या दर पाच कामगारांत साधारण एक बाई असायची. कोकणातून, घाटावरून आलेल्या या बाया बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात असत. बारक्या बॉबिनवरचं सूत मोठ्या बॉबिनवर घ्यायचं, तुटलं की चटकन गाठ मारायची. कोऱ्या सुताचं वाइंडिंग वेगळं, रंगीत सुताचं वेगळं. वर देखरेखीला नायकीण. मजुरी बहुधा कामाच्या मापावर. सूत वाईट आलं की जास्त तुटायचं, माल कमी भरायचा आणि तोटा बाईच्या पदरी पडायचा.

या बाया गप्प बसल्या नाहीत. 1928 चा सहा महिन्यांचा संप झाला, त्यात त्याही होत्या. उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांनी त्यांना संघटित केलं. 1929 मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला.

पण पुढे बाया कमी होत गेल्या. रात्रपाळीला बाईला बंदी, त्यात बाळंतपणाचा खर्च, म्हणून मालकांना पुरुष परवडू लागले. वेगवान वाइंडिंग यंत्रं आली आणि उरलेली कामंही गेली. 18 जानेवारी 1982 ला मोठा संप सुरू झाला, त्यानंतर एकेक गिरणी बंद पडली. गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांसाठी नवी मुंबईपलीकडे, पनवेलजवळच्या कोन गावातल्या घरांची सोडत निघाली ती 2016 मध्ये.

यातून आपल्या गटाने एक घ्यावं. गिरणीत गुंडाळण्याला दर होता, कमी असला तरी होता. आपण शालीची किंमत लावताना लोकर धरतो, विणणं धरतो, आणि गुंडा करण्यात गेलेली दुपार सोडून देतो. पुढच्या वेळी वहीत तीही लिहा. रंग जुळवणं हेही कामच आहे.