प्रवरेचें पाणी आणि विजेची तार

नगर-मनमाड रस्त्यानें उत्तरेस जाणाऱ्या प्रवाशास प्रवरेच्या पुलाजवळ कोल्हार लागतें. भगवतीमातेचें देवालय, नदीचें पात्र आणि सभोंवारचे उसाचे मळे ही या गांवाची जुनी ओळख. खांबांवरून शेताशेतांत गेलेल्या तारांकडे प्रवाशाचें लक्ष क्वचितच जातें. परंतु गेल्या शंभर वर्षांत या खोऱ्यांत जें घडलें, त्याचा निम्मा इतिहास पाण्याचा आहे आणि निम्मा तारांचा.

पाण्याचा इतिहास आधीचा. अकोले तालुक्यांत भंडारदरा येथें प्रवरेवर बांधलेलें धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यास मिळालें. कालव्यांनीं खालच्या प्रदेशांत बागाइताचा पाया घातला. पुढें १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें कोल्हारशेजारच्या लोणीस सहकारी साखर कारखाना सुरू झाला. मात्र एवढें पाणी डोंगरावरून खालीं येत असतां त्याच्या बळावर वीज निर्माण झाली नाहीं. भंडारदऱ्यास १२ मेगावॉटचें वीजगृह चालू झालें तें १९८६ सालीं, म्हणजे धरण झाल्यावर साठ वर्षांनीं!

असें कां व्हावें? याचें उत्तर दक्षिणेस लोणावळ्याच्या घाटांत सांपडतें. जमशेटजी टाटा यांनीं योजिलेलें जलविद्युत्केंद्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९१५ सालीं, खोपोलीस सुरू झालें. तेथील वीज सुमारें एक लक्ष व्होल्टच्या दाबानें मुंबईंत परळपर्यंत नेण्यांत आली. इतका दाब कशासाठीं? तारेंतून वीज वाहतांना तिचा कांहीं भाग उष्णतेच्या रूपानें वायां जातो. दाब दसपट केला, तर तेवढीच शक्ति नेण्यास दहाव्या हिश्शाचा प्रवाह पुरतो, आणि त्याच तारेंतील नाश शंभराव्या हिश्शावर येतो. उंच मनोऱ्यांचें सारें शास्त्र एवढ्यांत आलें. परंतु मनोऱ्यांस पैसा लागतो, आणि तो परत मिळण्यास एके ठिकाणीं पुष्कळ ग्राहक लागतात. मुंबईंत गिरण्या होत्या. प्रवरेकांठीं विखुरलेलीं शेतें होतीं. तार गिऱ्हाइकाकडे गेली. प्रवरेचें पाणी नुसतेंच वाहत राहिलें.

धूर नसलेली ही वीज निर्दोष होती असें मात्र नव्हे. मुळशी खोऱ्यांतील मावळ्यांच्या जमिनी धरणाखालीं जाऊं लागल्या, तेव्हां १९२१ सालीं तेथें सत्याग्रह उभा राहिला. सेनापति बापट त्यासाठीं तुरुंगांत गेले. धरण थांबलें नाहीं. १९२७ सालीं त्याच पाण्यावर भिऱ्याचें केंद्र सुरू झालें. मुंबईच्या दिव्याची किंमत कोणी दिली, हा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे.

वीज ही केवळ नफ्याची वस्तु राहूं नये, हा विचार पुढें धोरणांत उतरला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरखात्याचे सभासद असतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९४३ सालापासून या विषयाच्या समितीचें अध्यक्षपद सांभाळलें आणि स्वस्त व मुबलक विजेचा आग्रह धरला. १९४८ च्या कायद्यानें प्रांतोप्रांतीं वीज मंडळें स्थापण्याची तरतूद केली. महाराष्ट्राचें मंडळ १९६० सालीं अस्तित्वांत आलें आणि १९६२ सालीं कोयनेची वीज वाहूं लागली.

कोल्हारच्या परिसरानें यापुढें एक धाडसाचा प्रयोग केला. १९६९ सालीं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालें, आणि त्याच्या साहाय्यानें देशांत पांच ठिकाणीं विजेच्या सहकारी संस्था निघाल्या. कर्नाटकांत हुकेरी, गुजरातेंत कोडिनार, आंध्रांत सिरसिल्ला, उत्तर प्रदेशांत लखनौ. आणि महाराष्ट्रांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. शेतकऱ्यांनीं साखर कारखाना चालविला, तर वीज कां चालवूं नये? मंडळाकडून घाऊक वीज घ्यावयाची आणि खेड्यापाड्यांस ती वांटावयाची, ही संस्थेची रीत. विहिरींवर पंप बसले. जेथें कालव्याचें पाणी पोंचत नव्हतें, तेथें तार पोंचली.

परंतु सहकाराचा हिशेब येथें साखरेइतका गोड झाला नाहीं. कारखान्याची साखर बाजारांत विकली जाई. संस्थेची वीज मोठ्या प्रमाणांत शेतीपंपांकडे जाई, आणि शेतीपंपांचा दर कमी ठेवावा ही राज्याचीच नीति होती. घाऊक खरेदी व किरकोळ वसुली यांचा मेळ बसेना. थकबाकीचा वाद वर्षानुवर्षें चालला. इकडे २००३ च्या कायद्यास अनुसरून राज्य मंडळाचे २००५ सालीं निर्मिति, पारेषण आणि वितरण असे भाग होऊन वेगळ्या कंपन्या झाल्या. ३१ जानेवारी २०११ रोजीं मुळा-प्रवरेच्या परवान्याची मुदत संपली आणि दुसऱ्याच दिवसापासून वितरण महावितरण कंपनीकडे गेलें. हुकेरीची संस्था टिकली, श्रीरामपूरची मावळली.

तार कोणाची, हा वाद मिटला. पण वीज कोणत्या वेळीं यावयाची, हा उरला. कोळशाचीं केंद्रें विदर्भांत आणि मागणी पश्चिमेस. म्हणून चंद्रपूर ते पडघें ही साडेसातशें किलोमीटरची, एकदिश प्रवाहाची वाहिनी उभारावी लागली. तरीही वीज अपुरीच पडे, आणि शेतीपंपांची पाळी अनेक दिवस रात्रींची येई. थंडीच्या दिवसांत, उसांत बिबट्याचें भय असतां, शेतकऱ्यानें मध्यरात्रीं पाणी द्यावयास जावें, ही या विभागाची रोजची गोष्ट झाली.

सूर्याच्या विजेचें महत्त्व येथें कळून येतें. २०१७ सालीं सुरू झालेल्या सौर कृषि वाहिनी योजनेचा आरंभीचा प्रकल्प याच जिल्ह्यांत राळेगण सिद्धीस घेण्यांत आला. उपकेंद्राजवळ सौर पट्ट्या बसवावयाच्या आणि तेथील वीज दिवसां थेट शेतीच्या वाहिनीवर सोडावयाची. वीज जवळच निर्माण होत असल्यानें तिचा वहनांतील नाशही घटतो. २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यांत खासगी जमिनीस हेक्टरीं वर्षाला सव्वा लाख रुपये भाडें ठरलें. मुळशींत जमीन गेली. येथें ती मालकाच्या नांवावर राहते, हा फरक लहान नव्हे. गायरानें दिलीं जातात तेथें मात्र गुरें कोठें चरावीं, हें गांवानें आधींच विचारलें पाहिजे.

आणखी एक अडचण आहे. सूर्य मावळतो तेव्हांच घरोघर दिवे लागतात. यावरील एक उपाय प्रवरेच्या उगमाजवळच उभा आहे. अकोले तालुक्यांतील घाटघर येथें २००८ सालापासून २५० मेगावॉटचा प्रकल्प चालतो. मागणी कमी असतां कोंकणांतील तळ्यांतून पाणी वर चढवावयाचें आणि मागणीच्या वेळीं तेंच खालीं सोडून वीज घ्यावयाची. दुपारची जादा वीज संध्याकाळसाठीं सांठविण्याची ही युक्ति.

स्वच्छ विजेची गोष्ट म्हणून नवी नाहीं. खोपोलीस ती शतकापूर्वींच घडली. नवें असेल तें एवढेंच, कीं ती वीज या वेळीं शेताच्या बांधापर्यंत, दिवसाउजेडीं आणि हिशेब चुकता होईल अशा दरानें पोंचते कीं नाहीं. मुळा-प्रवरेची संस्था बुडाली ती वीज नव्हती म्हणून नव्हे, तर विजेचा खर्च कोणी सोसावयाचा हें आधीं ठरलें नव्हतें म्हणून. सौर वाहिन्या उभारणाऱ्यांनीं हा धडा कोल्हारच्या शिवारांतूनच घ्यावा.