अडखळणाऱ्या सीडीचा इतिहास

१/ सीडी प्लेअर गाण्याच्या मध्येच अडखळला, की हात रुमालाकडे जातो आणि तबकडी गोल गोल पुसली जाते. ही सवय ग्रामोफोनच्या युगातली. सीडीला मात्र तीच घातक ठरते. याचे कारण १९६० सालच्या एका पाच पानी गणिती निबंधापर्यंत पोहोचते.

२/ ग्रामोफोनची सुई सलग खाचेतून फिरते. धूळ त्या खाचेत साचते, म्हणून खाचेच्या दिशेने, गोलाकार पुसणे तेथे योग्यच होते. ओरखडा पडला तर दर फेरीला 'खट्' असा आवाज येई. दोष लपत नसे.

३/ १९७९ मध्ये फिलिप्स आणि सोनी यांनी सीडीचे मानक ठरवण्यासाठी हातमिळवणी केली. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा 'सीडीपी-१०१' जपानमध्ये विक्रीस आला. सुईची जागा लेसरने घेतली आणि ध्वनी अंकांत साठवला जाऊ लागला.

४/ या अंकांची चक्राकार रेघ पाच किलोमीटरहून लांब भरते. तिच्या दोन वेढ्यांतील अंतर अवघे १.६ मायक्रोमीटर. एवढ्या सूक्ष्म लिपीत एकही चूक होणार नाही, असे गृहीत धरणे अशक्यच होते.

५/ येथे कामी आला तो अमेरिकेतील लिंकन प्रयोगशाळेतील आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांचा १९६० सालचा निबंध. मूळ अंकांना काही जादा अंकांची जोड द्यावी, म्हणजे बिघडलेले अंक गणिताने परत मिळवता येतात, हे त्याचे सार.

६/ त्याला विखुरणीची जोड मिळाली. पोथीतील प्रत्येक ओळीची अक्षरे अनेक पानांवर विखरून लिहिली, तर एक पान वाळवीने खाल्ले तरी प्रत्येक ओळीतले एखादेच अक्षर जाते आणि ते उरलेल्यांवरून ओळखता येते. सीडीत हेच घडते.

७/ यामुळे रेघेवरील सुमारे अडीच मिलीमीटरची सलग हानी पूर्ण भरून निघते. केंद्राकडून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक वेढ्याला क्षणभरच छेदतो. गोलाकार ओरखडा मात्र रेघेसोबत धावतो आणि ही मर्यादा ओलांडतो. म्हणून मऊ कापडाने केंद्राकडून कडेकडे, सरळ पुसावे.

८/ निदानही सोपे आहे. एकच सीडी ठरावीक जागी अडखळत असेल, तर दोष बहुधा तबकडीत. सगळ्याच सीडी नाकारल्या जात असतील, तर भिंगावरची धूळ किंवा क्षीण झालेला लेसर तपासावा. प्लेअर उघडून चालू भिंगात मात्र कधीही डोकावू नये. तो किरण डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण इजा करू शकतो.

९/ चकचकीत बाजूपेक्षा छापील बाजू अधिक नाजूक. परावर्तक थर तिच्या लगेच खाली असतो. तो खरवडला गेला, की तेथील मजकूर कायमचा जातो.

१०/ ग्रामोफोन आपले दुखणे बोलून दाखवी. सीडी ते शेवटपर्यंत झाकते. आज स्वच्छ वाजणारी तबकडी उद्या एकाएकी मूक होऊ शकते. घरात आजोबांच्या आवाजाची एखादी सीडी असेल, तर तिची प्रत ती वाजते आहे तोवरच करून ठेवावी.