आर्वो पॅर्त : श्रद्धेचे आणि मौनाचे संगीतकार

बाल्टिक समुद्राच्या काठी वसलेल्या एस्टोनिया या छोट्या देशाचे आर्वो पॅर्त यांनी रचलेले भक्तिसंगीत आज जगभरातील चर्चमध्ये व सभागृहांत गायिले जाते. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १९३५ रोजी पाईदे येथे झाला. टॅलिनच्या संगीत विद्यालयात हेइनो एलर यांच्यापाशी शिकून ते १९६३ साली पदवीधर झाले. त्याच काळात ते एस्टोनियन रेडिओवर ध्वनिमुद्रणाचे काम करीत.

एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत राजवटीखाली होता. पॅर्त यांची 'क्रेडो' ही रचना १९६८ साली टॅलिनमध्ये सादर झाली. तिच्यात येशू ख्रिस्तावरील श्रद्धेची उघड कबुली होती आणि प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनातील शिकवण होती. निरीश्वरवादी सत्तेला हे रुचले नाही. रचनेवर अघोषित बंदी आली.

यानंतरची सुमारे आठ वर्षे पॅर्त यांनी फार थोडे लिहिले. या मौनकाळात त्यांनी ख्रिस्तसभेच्या प्राचीन ग्रेगोरियन गायनाचा कसून अभ्यास केला. १९७२ साली ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेत सामील झाले.

१९७६ साली 'फ्युअर अलिना' ही पियानोची छोटी रचना घेऊन ते पुन्हा रसिकांसमोर आले. या नव्या शैलीस त्यांनी 'टिंटिनाबुली' असे नाव दिले. लॅटिन भाषेत 'टिंटिनाबुलम' म्हणजे छोटी घंटा. या शैलीत एक स्वरओळ पायरीपायरीने चालते, तर दुसरी तिच्या सोबतीने एकाच त्रिस्वराचे सूर घंटेसारखी निनादत ठेवते. त्यांच्या पत्नी नोरा यांनी हे नाते 'एक अधिक एक बरोबर एक' असे सांगितले आहे.

१९८० साली कुटुंबासह देश सोडून ते व्हिएन्नाला व पुढे बर्लिनला स्थायिक झाले. योहानकृत शुभवर्तमानातील प्रभूच्या दुःखसहनावरील 'पासिओ' ही रचना त्यांनी १९८२ साली पूर्ण केली. जर्मन कॅथलिकांच्या मेळाव्यासाठी रचलेली 'बर्लिन मिस्सा' १९९० साली प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशी बर्लिनच्या संत हेडविग कॅथीड्रलमध्ये प्रथम गायिली गेली. माद्रिदच्या रेल्वे स्फोटांनंतर दोनच दिवसांनी, मार्च २००४ मध्ये, त्यांनी 'दा पाचेम दोमिने' ही शांतीची प्रार्थना लिहावयास घेतली.

२०११ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना व्हॅटिकनच्या सांस्कृतिक परिषदेवर नेमले. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांच्या हस्ते त्यांना रात्झिंगर पुरस्कार मिळाला. त्या वर्षीचे तीन मानकरी कॅथलिक, लुथरन व ऑर्थोडॉक्स असे होते, याची आम्ही आवर्जून नोंद करतो. २०१० साली ते मायदेशी परतले होते. तेथे लाउलास्मा येथे २०१८ साली त्यांच्या नावाचे केंद्र उभे राहिले. २०२५ साली त्यांनी वयाची नव्वद वर्षे पूर्ण केली.

ज्या श्रद्धेच्या कबुलीने त्यांचे गाणे बंद पाडले, तिनेच पुढे त्यांना नवे गाणे दिले. प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामांतील गायनवृंदांनी 'पासिओ' एकदा शांतपणे ऐकावी, अशी आम्ही शिफारस करतो. दोन सुरांमधील शांतताही प्रार्थना होऊ शकते, हे तेथे उमगते.